नवजात बाळाला डायपर रॅश: घरी काय करावे, दवाखान्यात कधी न्यावे?

बाळाचे ढुंगण किंवा जांघा लाल झाल्या आणि पुसताना ते कळवळून रडू लागले, की घरच्यांचा जीव खालीवर होतो. बहुतेक वेळा हा साधा डायपर रॅश असतो आणि नीट काळजी घेतल्यास दोन-तीन दिवसांत उतरू लागतो. मात्र पहिल्या २८ दिवसांत साधे पुरळ आणि जंतुसंसर्ग यांतला फरक ओळखणे गरजेचे असते.

कारणे

नवजात बाळाची त्वचा पातळ असते. ओल्या लंगोटात ती भिजून मऊ पडते आणि घासली जाते. शी व लघवी एकत्र आली की शीमधील पाचक रसांचा जोर वाढतो आणि त्वचा सोलवटते. म्हणूनच जुलाब लागल्यावर हा त्रास वाढतो.

हा त्रास फक्त विकतच्या डायपरने होत नाही, कापडी लंगोटानेही होतो. माहूरच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात लंगोट नीट वाळत नाहीत आणि दमटच वापरले जातात. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा डायपरमध्ये घाम कोंडतो.

कसे ओळखाल?

* साधा रॅश: कापड घासते तेथे, म्हणजे ढुंगणावर व मांड्यांवर लाली. जांघेच्या घड्या बऱ्याचदा स्वच्छ असतात.
* बुरशीचा संसर्ग: घड्यांमध्ये गडद लाली आणि कडेने लहान लाल पुटकुळ्या. तोंडात न पुसले जाणारे पांढरे डागही दिसू शकतात. यासाठी डॉक्टरांनी दिलेले बुरशीविरोधी मलम लागते.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर उठणारे आणि जागा बदलणारे लाल चट्टे वेगळे. बाळ छान पीत असेल तर ते बहुधा आठवडाभरात आपोआप जातात.

घरी काय करावे?

1. लंगोट ओला होताच बदला, शी झाल्यावर तर लगेचच.
2. कोमट पाणी आणि मऊ सुती कापडाने स्वच्छ करा. मुलींना पुढून मागे पुसा.
3. न घासता टिपून कोरडे करा आणि दिवसातून काही वेळा लंगोट न बांधता ठेवा. बाळाला थंडी वाजणार नाही, हे बघा.
4. झिंक ऑक्साइडचे मलम जाडसर लावा. प्रत्येक वेळी ते पूर्ण खरवडून काढू नका.
5. लंगोटातून साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून घ्या आणि उन्हात कडक वाळवा.

काय टाळावे?

पावडर लावू नका. ती श्वासातून बाळाच्या फुप्फुसात जाऊ शकते. हळद, राख, डाळीचे पीठ सोललेल्या त्वचेवर नको. शेक-धुरीही नको.

सर्वांत महत्त्वाचे: शेजाऱ्यांनी सांगितलेले किंवा मेडिकलमधून विचारून आणलेले 'खाज-गजकर्णाचे' मलम लावू नका. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते. त्याने लाली लगेच कमी दिसते, पण त्वचा पातळ होते आणि बुरशी वाढू शकते. डायपरखाली हे औषध शरीरातही जास्त शोषले जाते.

ताबडतोब दवाखाना

* पू भरलेले फोड, पाण्याचे फोड किंवा झपाट्याने पसरणारी लाली
* बेंबीभोवती लाली किंवा पू
* अंग तापणे किंवा गार पडणे
* दूध ओढणे कमी होणे, बाळ सुस्त पडणे, धाप लागणे

यातले एकही लक्षण असल्यास सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. १०८ वर रुग्णवाहिका मोफत मिळते. सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचा उपचारही मोफत आहे. ही लक्षणे नसली, तरी तीन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा.

आशाताईंना दाखवा

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत घरोघरी नवजात बाळाची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करून दाखवले. तीच पद्धत आज आशाताईंमार्फत देशभर राबवली जाते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्या वेळी बाळ गुंडाळलेलेच दाखवू नका. लंगोट सोडून जांघा, काखा, मान आणि बेंबी त्यांना पाहू द्या.