मांजराचे तप आणि उंदराचा हिशेब

आरतीला उभे राहिलो की सगळ्यांची नजर मूर्तीच्या मुखाकडे असते. पायाशी मोदकावर डोळा ठेवून बसलेल्या उंदराकडे लहान मुलांखेरीज कोणी फारसे पाहत नाही. पण आपल्या जुन्या वाङ्मयात या उंदराच्या नावावर एक मोठे काम जमा आहे. साधूचे सोंग घेतलेल्या मांजराचे बिंग त्याने फोडले, आणि तेही आरडाओरड न करता, नीट हिशेब मांडून. ही गोष्ट गंगेच्या काठावरून निघून दक्षिणेत गेली, इराण आणि बगदादकडचा फेरा करून पुन्हा हिंदुस्थानात आली. तिचा एक धागा तर आपल्या ग्वाल्हेरच्या अगदी शेजारी येऊन पोहोचतो.

गोष्ट महाभारताच्या उद्योगपर्वात आहे. गंगातीरी एक मांजर हात वर करून तप करीत उभे राहिले. दिवस गेले तसा पक्ष्यांचा आणि मग उंदरांचाही त्याच्यावर विश्वास बसला. उंदरांनी त्याला आपला मामाच मानले आणि आमचे रक्षण कर अशी विनंती केली. मांजर म्हणाले, तप आणि रक्षण दोन्ही जमणे कठीण. तरी तुमच्यासाठी करीन. मात्र मी तपाने थकलो आहे, रोज मला नदीपर्यंत पोहोचवत जा. पुढे काय झाले ते सांगायला नकोच. मामा धष्टपुष्ट होऊ लागले आणि भाचे घटू लागले. डिंडिक नावाचा उंदीर मामांच्या सोबतीला राहिला, तो परतलाच नाही. तेव्हा एका वृद्ध उंदराने सांगितले, कंदमुळे खाणाऱ्याच्या विष्ठेत केस सापडत नाहीत. याचे अंग भरते आहे आणि आपली संख्या कमी होते आहे. एवढे ऐकून सगळे उंदीर पळाले.

बौद्धांच्या बिलार जातकातही हाच प्रकार आहे. तेथे गद्यात कोल्हा येतो आणि गाथेत मात्र मांजर, म्हणजे मूळचे मांजर लोकांच्या मनातून गेले नव्हते. हा कोल्हा एका पायावर, सूर्याकडे तोंड करून उभा असतो आणि मी केवळ वारा खातो असे सांगतो. वंदन करून परतणाऱ्या उंदरांतला शेवटचा तो गुपचूप उचलतो. उंदीर एक साधी गोष्ट टिपतात आणि ती आपल्या राजाला, म्हणजे बोधिसत्त्वाला, सांगतात. पूर्वी बिळात दाटी होत असे, आता जागा मोकळी पडते आहे. मग तो स्वतः रांगेच्या शेवटी चालतो आणि खात्री करून घेतो.

सातव्या शतकात पल्लवांच्या कारागिरांनी महाबलीपुरमच्या प्रचंड शिळेवर तपस्व्यांच्या मेळ्यात हे मांजरही कोरले. पुढचे पाय डोक्यावर नेऊन ते उभे आहे आणि भोवती उंदीर आहेत. मनुस्मृतीने तर अशा लोकांना ‘बैडालव्रतिक’ असे नावच दिले आणि बगळ्यासारखे ध्यान लावणाऱ्या ‘बकव्रतिका’च्या पंक्तीला बसवून, अशा ब्राह्मणाला पाणीसुद्धा देऊ नये असे सांगितले.

येथवर गोष्ट सरळ आहे. पण महाभारतात ती सांगतो कोण? दुर्योधन. शकुनीचा मुलगा उलूक दूत म्हणून पांडवांकडे निघाला आहे आणि त्याच्या तोंडी दुर्योधन ही कथा युधिष्ठिराला पाठवतो आहे. तू धर्माचे सोंग आणणारे मांजर आहेस, असा तिचा रोख. म्हणजे ढोंगी ओळखण्यासाठी रचलेली गोष्ट येथे एका सज्जनाला ढोंगी ठरवण्यासाठी वापरली गेली. उंदराकडे पुरावा होता. दुर्योधनाकडे फक्त उपमा होती.

पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रातही असेच आहे. झाडाच्या ढोलीवरून कपिंजल पक्षी आणि ससा भांडतात आणि न्याय मागायला नदीकाठच्या तपस्वी मांजराकडे जातात. वार्धक्याने मला ऐकू येत नाही, जवळ या, असे म्हणून ते दोघांनाही फस्त करते. ही कथा सांगतो कावळा, आणि ती सांगतो घुबडाला पक्ष्यांचा राजा करण्याचा बेत मोडण्यासाठी. बेत मोडतो आणि कावळे-घुबडांचे वैर सुरू होते. पुढे स्थिरजीवी नावाचा कावळा शरणागताचे सोंग घेऊन घुबडांच्या गुहेत शिरतो. रक्ताक्ष नावाचा घुबडांचा मंत्री सावध करतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही, आणि स्थिरजीवी ती गुहा जाळून टाकतो. मांजराची कथा सांगणाऱ्याच्याच कुळाने मांजराचे काम केले!

सहाव्या शतकात इराणचा बादशहा नौशेरवान याच्या दरबारातील बुर्झोय या वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेले. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने त्याचे अरबीत ‘कलीला व दिम्ना’ केले. आपल्या पंचतंत्रात सिंह आणि बैल या मित्रांत फूट पाडणारा दमनक कोल्हा शिक्षेवाचून सुटतो. इब्न अल्-मुकफ्फाला ते रुचले नसावे. त्याच्या ग्रंथात दिम्नाच्या खटल्याचे आणि शिक्षेचे नवे प्रकरण आहे. या लेखकाचा शेवट मात्र राजकोपाने, अतिशय क्रूरपणे झाला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या काशिफीने याच कथा ‘अन्वार-इ-सुहैली’ या फारसी ग्रंथात नटवून लिहिल्या. ती भाषा फार अलंकारिक होती. अकबराने अबुल फजलला त्या सोप्या करून लिहायला सांगितले आणि १५८८ मध्ये ‘इयार-इ-दानिश’ तयार झाला.

अबुल फजलची कबर आपल्या आंतरीला आहे, ग्वाल्हेरहून झाशीच्या वाटेवर. आपल्यापैकी अनेकजण आगगाडीतून कित्येकदा त्या स्टेशनावरून गेले असतील. ऑगस्ट १६०२ मध्ये दक्षिणेतून आग्र्याकडे परतताना याच भागात ओरछ्याच्या वीरसिंह बुंदेल्याने त्याला मारले आणि त्याचे शिर अलाहाबादेस शाहजादा सलीमकडे पाठवले. पुढे जहांगीर झालेल्या सलीमने आत्मचरित्रात हे आपणच करवले असे उघड लिहिले आहे. त्याचे कारणही दिले आहे. हा माणूस वरून निष्ठेचे रत्न मिरवीत असे आणि ते आपल्या वडिलांना भारी किमतीला विकत असे. त्याचे मन आपल्याविषयी साफ नव्हते, असा त्याचा आशय आहे. दरबारी फारसीत सांगितलेली ही तपस्वी मांजराचीच गोष्ट. ज्याने चौदा वर्षांपूर्वी ती सोप्या भाषेत उतरवली, त्याच्यावरच ती उलटली. येथेही सांगणारा निःस्वार्थी नव्हता. बापाविरुद्ध उठलेल्या शाहजाद्याला बापाचा विश्वासू माणूस वाटेतून दूर हवा होता. अकबराला मात्र या मृत्यूचा जबर धक्का बसला.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या किल्ल्यावर घडले. शाहजहानच्या मुलांत गादीसाठी युद्ध पेटले तेव्हा औरंगजेबाने धाकट्या मुरादला आपल्याकडे ओढले. मला राज्याचा लोभ नाही, तुला गादीवर बसवून मी फकिरी पत्करीन, असे तो सांगत असे, हे फ्रेंच प्रवासी बर्निये याने नोंदवले आहे. सामूगढची लढाई जिंकल्यावर जून १६५८ मध्ये मथुरेजवळ मेजवानीला बोलावून त्याने मुरादला कैद केले. पुढे त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर ठेवले आणि डिसेंबर १६६१ मध्ये तेथेच त्याचा वध झाला. बोलणे ऐकत असतानाच फौज कोणाची वाढते आहे हे मुरादने मोजले असते तर? पण त्याच्याजवळ तो म्हातारा उंदीर नव्हता, किंवा असलाच तर त्याचे ऐकले गेले नाही.

मराठीत ही परंपरा छापून आली ती आपले पूर्वज येथे स्थिरावत असतानाच. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या पायथ्याशी पडला आणि त्याचे लष्कर शहर झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८१५ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून वैजनाथ शर्म्यांचा मराठी ‘हितोपदेश’ बाहेर पडला. हितोपदेशातले मांजर दीर्घकर्ण. जरद्गव नावाचे आंधळे, म्हातारे गिधाड झाडावरच्या पिलांची राखण करीत असते. मी गंगास्नान करून चांद्रायण व्रत पाळतो, असे सांगून दीर्घकर्ण त्याच्या ढोलीत आसरा मिळवतो, पिले आणून खातो आणि वेळ येताच पसार होतो. पक्ष्यांना हाडे सापडतात ती गिधाडाच्या ढोलीत. खवळलेले पक्षी त्या बिचाऱ्या निरपराध राखणदारालाच ठार मारतात.

ही कथा लहान मुलांना सांगताना आपण ‘अनोळख्याला आसरा देऊ नये’ एवढ्यावर थांबतो. पण पक्ष्यांचीही चूक आहेच. हाडे दिसली आणि त्यांनी निकाल देऊन टाकला; आणखी कोण येऊन राहिले होते हे कोणी विचारले नाही. जरद्गव भोळा होता, चोर नव्हता. गेली दोनशे वर्षे आपण येथे वाडे, देवळे, शाळा, मंडळे चालवत आलो ती एकमेकांवरच्या विश्वासावर. गोड बोलणाऱ्याला किल्ल्या सोपवून संस्था बुडतात, तशा कोणीतरी कुजबुजले म्हणून चांगला कार्यकर्ता घरी बसवूनही बुडतात. आता तर कुजबूज मोबाईलवरून एका रात्रीत साऱ्या शहरात फिरते.

दोन्हींवर इलाज एकच, आणि तो त्या म्हाताऱ्या उंदराचा. बिळात आपण किती होतो आणि आता किती आहोत, हे मोजावे. कोणी दुसऱ्याला मांजर म्हणत असेल तर म्हणणाऱ्याचा त्यात काय लाभ आहे, हेही पाहावे. कोणत्याही उत्सवाचा जमाखर्च छापला जातो तो अविश्वासापोटी नाही. ती पाने चाळून न टाकता वाचली पाहिजेत. बाप्पाच्या पायाशी बसलेल्या उंदराने आपल्याला शिकवलेली ही सर्वांत जुनी सवय आहे.