संशोधकाचे पहिले कर्तव्य

इतिहासात पीएच.डी. करू इच्छिणाऱ्या तरुणांना आम्ही एलिनॉर झेलियट यांचे उदाहरण आवर्जून सांगतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९६९ साली डॉ. आंबेडकर आणि महार चळवळ या विषयावरील त्यांच्या प्रबंधास ही पदवी दिली. त्या वेळी बाबासाहेबांचे समग्र लेखन एकत्र उपलब्ध नव्हते. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेला पहिला खंड निघाला तो १९७९ साली. साहजिकच झेलियट यांना महाराष्ट्रात येऊन चळवळीची विखुरलेली साधने धुंडाळावी लागली, कार्यकर्त्यांच्या मुलाखती घ्याव्या लागल्या. प्रबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध होण्यास २००४ साल उजाडले.

केवळ ऐकीव म्हणून काही स्वीकारू नका, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश संशोधकासही लागू पडतो. बाबासाहेबांविषयीचा आदर संशोधनाची प्रेरणा होऊ शकतो, पुरावा होऊ शकत नाही. परंतु पुरावा जपणार कोण? 'जनता', 'प्रबुद्ध भारत' यांचे जुने अंक, सभांची पत्रके, वडीलधाऱ्यांची पत्रे आपल्याच घरातील पेट्यांत वाळवीच्या तोंडी जात असतील, तर उद्याचा संशोधक लिहिणार कशाच्या आधारे? म्हणून आमची नम्र विनंती आहे : पदवीसाठी नाव नोंदविण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातील एक पेटी उघडावी.