निर्जन बेट कसे तयार होते? मालदीवच्या रिसॉर्टचा इतिहास

मालदीवचा एक फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. निळे-हिरवे पाणी, पाण्यात खांबांवर उभ्या लाकडी खोल्यांची रांग, पांढरी वाळू आणि माणूस एकही नाही. असलेच तर एखादे जोडपे, तेही पाठमोरे. लग्नाच्या हंगामात हा फोटो आपल्या मोबाईलवर दिवसातून दोनदा येतो. आजचा आमचा प्रश्न अगदी साधा आहे. या फोटोत माणसे का नाहीत? ती तिथे कधी नव्हतीच, की ती दिसू नयेत अशी व्यवस्था कोणी केली?

आधी थोडा भूगोल. मालदीवमध्ये सुमारे १,२०० छोटी प्रवाळबेटे आहेत आणि त्यांतल्या दोनशेहून कमी बेटांवर गावे आहेत. ही बेटे कड्यासारखी गोलाकार मांडलेली असतात. त्या कड्याला आपण 'अॅटॉल' म्हणतो आणि हा शब्द इंग्रजीने घेतला तो तिथल्या धिवेही भाषेतून. धिवेही ही भारतीय-आर्य कुळातली भाषा, म्हणजे मराठीची लांबची बहीणच म्हणा ना.

आणि दुसरे नाते तर आपल्या तोंडात रोज असते. 'कवडीमोल', 'फुटकी कवडी' असे आपण सहज बोलून जातो. ती कवडी आली कुठून? भारतात चलन म्हणून फिरलेल्या कवड्यांचा मोठा पुरवठा शतकानुशतके मालदीवमधून होत होता. चौदाव्या शतकात इब्न बतूता तिथे काही काळ काझी होता. कवड्या बंगालला जातात आणि बदल्यात तांदूळ येतो, हे त्याने लिहून ठेवले आहे. माडाचा काथ्या जायचा, सुकवलेला ट्यूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा, श्रीलंकेला जायचा. तेव्हा 'जगापासून दूर असलेली बेटे' ही भाषा जाहिरातीची आहे. हिंदी महासागराच्या व्यापारात ही बेटे भर रस्त्यावर होती.

मग निर्जन बेटांचे काय? ती होतीच ना? होती, पण 'निर्जन' म्हणजे तिथे गाव नाही, एवढाच अर्थ. शेजारच्या बेटावरची माणसे तिथे नारळ उतरवायला, सरपण आणायला, मासे सुकवायला होडीने जात. अशा बेटांची मालकी राज्यसत्तेकडे असे आणि ती बेटे भाड्याने दिली जात. या पद्धतीला तिथे 'वारुवा' म्हणतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे. पर्यटन आले तेव्हा कोणाची जमीन घ्यावी लागली नाही, गाव उठवावे लागले नाही. बेट भाड्याने द्यायची रीत जुनीच होती. फक्त भाडेकरू बदलला.

आता येऊ १९७२ कडे. देश १९६५ साली स्वतंत्र झालेला. १९६६ साली माले शहराशेजारच्या हुळुले बेटावर साधी धावपट्टी झालेली. बँक नाही, हॉटेल नाही. हा देश पर्यटनाला योग्य नाही असे मत बाहेरच्या तज्ज्ञांनी दिले होते, असे तिथे आवर्जून सांगितले जाते. त्यात १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला श्रीलंकेत परकीय चलनाची टंचाई झाली आणि सुक्या माशाचा हुकमी गिऱ्हाईक डळमळला. म्हणजे देशाला नव्या मिळकतीची गरज होती.

अशा वेळी जॉर्ज कॉर्बिन नावाचा एक इटालियन प्रवासी-व्यावसायिक न बिघडलेली बेटे शोधत कोलंबोला आला. तिथल्या मालदीवच्या वकिलातीतला अहमद नसीम हा तरुण कर्मचारी त्याला मालेला घेऊन गेला. पुढे नसीम परराष्ट्रमंत्री झाले, तो भाग वेगळा. १९७२च्या फेब्रुवारीत वीसएक इटालियन पाहुणे आले. ते राहिले कुठे? मालेमध्ये, लोकांच्या घरांत. हे नीट लक्षात घ्या. मालदीवचा पहिला पर्यटक गावात राहिला होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विहामनाफुशी या माडांच्या बेटावर पहिले रिसॉर्ट सुरू झाले. नाव कुरुंबा, म्हणजे शहाळे. तीस खोल्या, प्रवाळ-दगडाच्या भिंती, वर झावळ्या. चैन म्हणावी असे काही नव्हते. समुद्र मात्र होता. पैशाचा प्रश्नही लवकरच थोडा सुटला. १९७४ साली मालेमध्ये पहिली व्यापारी बँक उघडली ती आपली भारतीय स्टेट बँक. सुरुवातीच्या रिसॉर्टांना तिने कर्जे दिली. म्हणजे या स्वप्नातला थोडा पैसा मुंबईत मुख्यालय असलेल्या बँकेचा होता.

पुढची दहा वर्षे दोन वाटा शेजारी शेजारी चालल्या. एकीकडे रिसॉर्टची बेटे, दुसरीकडे पाठीवर पिशवी टाकून गावोगाव फिरणारे, कोणाच्या ओसरीवर मुक्काम करणारे परदेशी तरुण. यातली दुसरी वाट १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात सरकारने बंद केली. परदेशी पाहुण्याने रिसॉर्टवर राहायचे, गावात मुक्काम करायचा नाही.

का केले असे? आपण लगेच न्यायनिवाडा करू नये. देश पूर्णपणे मुस्लिम, वस्ती लहान, एकेका बेटावर काहीशे माणसे. तिथे दारू, अपुरे कपडे, अमली पदार्थ आले तर समाज विस्कटेल ही भीती खरी होती. शिवाय 'एक बेट, एक रिसॉर्ट' हे सूत्र धंद्यालाही फार सोयीचे पडले. पाहुण्याला एकांत मिळाला आणि गावाला मर्यादा राखता आली. सरकारला खाटेमागे कर मिळाला, बेटाचे भाडे मिळाले. बेटाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त जागेवर बांधकाम नको, इमारत झाडांच्या वर डोकावू नये, असे नियम झाले. १९८१ साली हुळुलेचा विमानतळ मोठी विमाने घेऊ लागला. १९९०च्या दशकात पाण्यावर उतरणारी विमाने आली आणि दूरची बेटे तासाभराच्या अंतरावर आली. १९९५ साली कुनफुनाधू बेटावर सोनेवा फुशी उघडले आणि अनवाणी चालणे हीच सर्वांत महाग चैन ठरली.

आता या एकांताच्या मागच्या बाजूला जाऊ. अशा प्रत्येक बेटाला स्वतःचा जनरेटर लागतो, खारे पाणी गोडे करणारे यंत्र लागते, सांडपाण्याची सोय लागते. भाजी, मांस, पाव, सगळे बोटीने येते. आणि कर्मचारी लागतात, बरेचदा पाहुण्यांपेक्षा जास्त. त्यांच्या खोल्या बेटाच्या मध्यभागी, झाडीआड. ते मालदीवचे, बांगलादेशचे, भारताचे, श्रीलंकेचे. कचरा जातो मालेजवळच्या थिलाफुशीला. तिथली उथळ खाडी १९९०च्या दशकापासून कचऱ्याने भरत भरत बेट झाले. म्हणजे फोटोत जे रिकामे दिसते, ते रिकामे ठेवायला शेकडो माणसे राबत असतात.

आणि गावातल्या माणसाचे काय झाले? फायदा झाला, हे नाकारता येणार नाही. शाळा, दवाखाने वाढले. २०११ साली मालदीव अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर आला. पण घराच्या किनाऱ्यावरून समोर दिसणाऱ्या बेटावर नारळ उतरवायला जाणारा माणूस आता तिथे फक्त नोकर म्हणून जाऊ शकत होता. नोकरी म्हणजे आठवडेच्या आठवडे घराबाहेर. त्यामुळे बायकांना ती वाट जवळजवळ बंद. पैसा साठला तो माले शहरात आणि मोजक्या कुटुंबांकडे. कोणते बेट कोणाला द्यायचे हे ठरवणारी सही फार मौल्यवान झाली. गेल्या दशकात बेटे भाड्याने देण्यातला प्रचंड घोटाळा उघड झाला आणि माजी उपराष्ट्राध्यक्षालाही शिक्षा झाली, त्याचे मूळ इथेच आहे.

२००८ साली पहिली बहुपक्षीय निवडणूक झाली, सत्ता बदलली आणि नव्या सरकारने गावात अतिथीगृहे चालवायला पुन्हा परवानगी दिली. माफुशी या वस्तीच्या बेटावर २०१०च्या सुमारास पहिले अतिथीगृह निघाले. आज तिथे अशी कितीतरी आहेत. चालवणारी गावातलीच कुटुंबे, स्वयंपाक घरचा. पोहण्याच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा एक तुकडा आडोसा करून वेगळा ठेवलेला. दारू नाही. समाज विस्कटला का? तिथे यावर वाद आहेत आणि ते राहतील. जागा टंचाईची झाली, कचरा वाढला, काही जुन्या माणसांना गाव ओळखू येत नाही. पण बोट कधी सुटेल, भाडे किती घ्यावे, पाहुण्याला काय सांगावे, हे आता निदान गावातला माणूस ठरवतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत येऊ. त्या फोटोत माणसे नाहीत, कारण निर्जन बेटांवरची जुनी सरकारी मालकी, एका गरीब देशाची निकड, समाज सांभाळण्याची भीती आणि एकांत विकत घेणारा परका गिऱ्हाईक, या चार गोष्टी दहा-बारा वर्षांच्या काळात एकत्र आल्या. एकांत तिथल्या समुद्रात होताच. पण तो कोणाला मिळावा, हे कायद्याने ठरवले.

आपल्यापैकी कोणी तिथे जाणार असेल तर जरूर जा, समुद्र खरोखरच तसा आहे. फक्त जेवण वाढणाऱ्याला एकदा विचारा, तुमचे बेट कोणते आणि तुम्ही घरी कधी जाता? त्याच्या उत्तरात आजच्या व्याख्यानाचा उरलेला भाग तुम्हाला मिळेल.