रिकामी सीट उद्या विकता येत नाही: युरो डिस्नेची गोष्ट

आज जाऊया पॅरिसला. १२ एप्रिल १९९२ ला शहरापासून साधारण ३२ किलोमीटरवर 'युरो डिस्ने' सुरू झालं. थंडी-पावसाचा विचार आधीच झाला होता: दुकानांमागून छप्पर असलेले रस्ते, हॉटेलांत शेकोट्या. पण कॅलेंडरचं काय?

अमेरिकेत आईबाप मुलांची शाळा चार दिवस बुडवून फिरायला नेतात, तसं इथेही होईल, असं कंपनीने गृहीत धरलं. फ्रेंच लोक काही शाळा बुडवेनात. त्यांची मोठी सुट्टी उन्हाळ्यात! म्हणजे ऑगस्टमध्ये रांगा आणि हिवाळ्यात शुकशुकाट. त्यात युरोपात मंदी, आणि तिकीट महाग.

आता धंद्यातली मेख बघा. एसटीची सीट रिकामी गेली, तर ती उद्या विकता येते का? नाही ना! पार्कचंही तसंच. पाळणा रिकामा फिरला तरी पगार, वीज आणि कर्जाचं व्याज चालूच. १९९३ च्या आर्थिक वर्षात तोटा झाला सुमारे ५३० कोटी फ्रँक. पार्क बंद पडणार, अशी चर्चा सुरू झाली.

मग कंपनी जरा जमिनीवर आली. १९९३ मध्ये पार्कात वाइन मिळू लागली. आधी दारूबंदी होती, तीही फ्रान्समध्ये! १९९४ मध्ये नाव झालं 'डिस्नेलँड पॅरिस', कारण 'युरो' म्हटलं की लोकांना व्यापारच आठवायचा. १९९५ मध्ये मोठ्यांचं सीझनचं तिकीट २५० फ्रँकवरून १९५ वर आणलं. त्याच जूनमध्ये 'स्पेस माउंटन' ही राइड आली, तीही फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवर बेतलेली. वर्षाची गर्दी ८८ लाखांवरून १ कोटी ७ लाखांवर गेली आणि पहिल्यांदा नफा दिसला.

अर्थात, सगळं श्रेय मार्केटिंगला देऊ नका हं. बँकांनी १९९४ मध्ये कर्जाचं ओझं हलकं केलं नसतं, तर नफा दिसलाच नसता. पण बँका वेळ देतात, गिऱ्हाईक देत नाहीत. ते आलं, कारण कंपनीने लोकांच्या सवयी बदलायचा हट्ट सोडला आणि स्वतःच्या बदलल्या.

पुढच्या वेळी मोबाइलवर मंगळवारची स्वस्त तिकिटं दिसली, की ही रिकामी सीट आठवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!