खळ घातलेली खाकी

खाकी चड्डीला भाताच्या पेजेची खळ घालायची ती आजीनेच. हे काम तिने कधी सुनांवर सोपवलं नाही. आधी अण्णाकाकांची चड्डी, मग तीसेक वर्षांनी माझी. मधल्या काळात राज्य बदललं, पण पेज तीच. रेशनच्या तांदळाची पेज नीट धरत नाही, ही तिची तक्रार तेवढी नवी होती. वाळलेली चड्डी पापडासारखी उभी राहायची आणि मांड्यांना काचायची. तक्रार केली की ती म्हणे, "अण्णा कधी बोलला नाही हो!"

मी स्काउटमध्ये गेलो तो 1971 साली, आठवीत असताना. शिवाजी पार्कातल्या स्काउट हॉलसमोर आम्ही गोल करून उभे राहायचो. गळ्यात स्कार्फ, त्याला वॉगल, कमरेला दोरीचं भेंडोळं. सपाट गाठ, खुंटगाठ सगळं तिथेच शिकलो. डाव्या हाताने हस्तांदोलन करायचं, हे आजीला शेवटपर्यंत पटलं नाही.

अण्णाकाकांच्या वेळचं स्काउटिंग वेगळं. बेडन-पॉवेलसाहेबांचं पुस्तक 1908 मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानात पथकं निघाली, पण ती गोऱ्यांच्या मुलांची. आपल्या पोरांसाठी ॲनी बेझंटबाईंनी 1916 मध्ये मद्रासला वेगळी संघटना काढली, तर उत्तरेत मालवीयजी, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयींनी सेवा समितीची पथकं उभारली. काकांच्या पथकात मात्र देवाबरोबर राजाशीही इमान राखायची शपथ होती. त्यावरून घरात कायम ठिणगी, कारण धाकटे भाऊकाका राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत जायचे. सेवा दल 1941 चं, एस. एम. जोशींचं. दोघे भाऊ एकाच ताटलीतली शेंगदाण्याची चटणी खायचे आणि एकमेकांना 'राजाचा शिपाई' नि 'झेंडेवाला' म्हणायचे.

सेवा दल निघालं त्याच्या पुढच्या वर्षी, ऑगस्टात पंचाईत झाली. 9 तारखेला पहाटे गांधीजींना पकडलं. संध्याकाळी शिवाजी पार्कात त्यांची सभा व्हायची होती. ती मी घेते म्हणून कस्तुरबा निघाल्या, तर त्यांनाही अटक झाली. भाऊकाका त्या दिवशी पार्कात होते, हे पक्कं. ते डोळे चोळत, अश्रुधुराने लाल होऊन परत आले, असं आजी सांगायची. भाऊकाका म्हणत, "छे, मी मागच्या मागे पळालो." कोणाचं खरं मानायचं? मला आजीचं आवडतं. मात्र त्यानंतर बरेच दिवस अण्णाकाकांनी गणवेश पिशवीत घालून न्यायचा आणि हॉलवर जाऊन बदलायचा, यावर दोघांचंही एकमत होतं. त्या दिवसांत रानडे रोडवर खाकी म्हणजे पोलीस.

अण्णाकाकांचा दिवस उगवला तो 14 एप्रिल 1944 ला. दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीचा स्फोट झाला. बोटीत दारूगोळा, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटाही. मैलोगणती काचा फुटल्या, मांडवीकडची माणसं हातात मिळेल ते घेऊन निघाली. काकांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचं पथक परळच्या बाजूला पाणी पाजायला आणि जखमींना उचलायला गेलं होतं. आम्ही लहान होतो तेव्हा त्यांनी दोन माणसं उचलली होती. माझ्या मुंजीपर्यंत पाच झाली. त्यांच्या साठीला तर भाऊकाकाच म्हणाले, "अण्णा, आता बोट तेवढी उचलायची राहिली." पण परत आल्यावर त्यांच्या शर्टावरचा डाग पेजेनेही गेला नाही आणि आजीने तो शर्ट पोतेऱ्याला घेतला नाही, एवढं तिने मला स्वतः सांगितलं होतं.

माझ्या वाट्याला आली ती 71 ची लढाई, म्हणजे डिसेंबरातले ब्लॅकआउटचे दिवस. आम्ही चाळीचाळींत खिडक्यांना काळे कागद चिकटवून द्यायचो, खळ अर्थात आजीची. पत्रांवर निर्वासितांसाठी 5 पैशांचं जादा तिकीट लागायचं, तेही पोस्टातून लोकांना आणून द्यायचो. मला त्यात शौर्य वाटायचं. अण्णाकाका फक्त विचारायचे, "बिनभांड्यांचा स्वयंपाक शिकवला का रे?" तो आम्ही बोरिवलीच्या जंगलात शिकलो. काठीला कणीक गुंडाळून निखाऱ्यावर धरायची, बटाटे राखेत पुरायचे. बाहेरून कोळसा, आत कच्चं. तसं मी एकदा घरी करून दाखवलं. आजीने एक घास घेतला आणि उरलेली कणीक पुन्हा मळून तिच्या दशम्या केल्या.

मग 'खरी कमाई' आली. घरोघर जाऊन काम करायचं, मिळेल ते पैसे पथकात जमा करायचे आणि देणाऱ्याची कार्डावर सही घ्यायची. शेजारच्या काकूंची पितळी भांडी मी चिंचेने घासून दिली, हे कळल्यावर आजी आठवडाभर मला घरातल्या मोरीकडे बोट दाखवायची.

भाऊकाकांकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी उलटतपासणी घेतली. "शपथेतला राजा गेला ना?"

म्हटलं, "गेला. आता देव आणि देश." सगळ्या संघटना 1950 च्या नोव्हेंबरात एक होऊन भारत स्काउट झाले, हेही ऐकवलं.

"मग देव कशाला ठेवलाय?"

आतून अण्णाकाका ओरडले, "भाऊ, पोराला काम दे!"

भाऊकाकांनी मला सायकल पुसायला लावली, चेन आणि आरेसुद्धा. मग आठ आणे काढले, पुन्हा खिशात टाकले आणि रुपया दिला. कार्डावर सही केली ती नावापुढे 'सेवा दल सैनिक' असं लिहून.