तोंड उघडत नाही? आधी कारण, मग मालिश

तोंड उघडल्यावर स्वतःची तीन बोटे उभी आत जात असतील, तर जबड्याची हालचाल साधारणतः योग्य समजावी. प्रौढांमध्ये हे अंतर सुमारे ४० मिलिमीटर असते. ते कमी झाल्यास मालिशपूर्वी कारण शोधणे आवश्यक ठरते.

स्नायू आखडल्यास : दात खाण्याची सवय, मानसिक ताण यांमुळे चावण्याचे स्नायू आखडतात. अशा वेळी हस्तोपचार उपयोगी पडतात. कोमट शेकानंतर गालावरील मॅसेटर व कानशिलावरील टेम्पोरालिस या स्नायूंवर बोटांनी हळुवार दाब दिला जातो. गालाच्या आतून दाब देण्याचे काम मात्र प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टचेच.

सुपारी-गुटख्यामुळे : या व्यसनामुळे तोंडाच्या अस्तराखाली तंतू साचून गाल ताठ होतात. यालाच 'सबम्यूकस फायब्रोसिस' म्हणतात. तिखट खाताना आग होणे हे त्याचे सुरुवातीचे लक्षण. हे तंतू मालिशने विरघळत नाहीत. सुपारी कायमची सोडणे, औषधोपचार आणि दातांमध्ये लाकडी चपट्या काड्या ठेवून त्यांची संख्या हळूहळू वाढवण्याचा व्यायाम हाच मार्ग. गरजेनुसार शस्त्रक्रियाही करावी लागते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तथापि सुपारीचे व्यसन सुटलेले नाही. या विकारातून कर्करोग उद्भवू शकतो, म्हणून नियमित तपासणी हवीच. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी दंत महाविद्यालये आहेत.

हे टाळा : तोंड बळजबरीने उघडू नये. ताप, सूज, इजा किंवा धनुर्वाताची शंका असल्यास मालिश न करता त्वरित रुग्णालय गाठावे.