उंदरांच्या माद्या, ३९ पुरुष आणि व्हिटॅमिन ईची गोळी

मागच्या एपिसोडनंतर एका ताईची व्हॉइस नोट आली. सहा महिन्यांपासून ती पळतेय. ग्रुपमध्ये कोणीतरी तिला सांगितलं, व्यायामाने शरीरात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस वाढतो, म्हणून व्हिटॅमिन सी आणि ई रोज घे. तर घेऊ का?

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरते. पण हा सल्ला मुळात आला कुठून, हे शोधायला बसले आणि एक गोष्ट जाम खटकली. ती आज सांगते.

चला १९२२ मध्ये. कॅलिफोर्नियातलं बर्कली. हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप हे दोघं उंदरांच्या आहारावर प्रयोग करत होते. ठरावीक शुद्ध आहारावर वाढलेल्या माद्या दिसायला ठणठणीत, गर्भही राहायचा, पण पिल्लं पोटातच मरायची. आहारात लेट्यूसची पानं घातली की पिल्लं व्यवस्थित जन्माला यायची. पानांत काहीतरी होतं, ज्याला तोवर नावच नव्हतं. तेच व्हिटॅमिन ई. पुढे १९३६ मध्ये त्याला टोकोफेरॉल हे नाव मिळालं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ साधारण 'बाळंतपण घडवणारं' असा होतो. म्हणजे बघा, आज जिमच्या बॅगेत फिरणाऱ्या या अँटिऑक्सिडंटचं नावच आईपणावरून पडलंय.

आता दुसरी बाई. रेबेका गर्शमन, अर्जेंटिनाची. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये काम करताना तिने सहकाऱ्यांसोबत एक धाडसी कल्पना मांडली: जास्त ऑक्सिजनने होणारी इजा आणि एक्स-रेने होणारी इजा, दोन्हीमागे एकच कारण आहे, फ्री रॅडिकल्स. म्हणजे असे रेणू किंवा अणू ज्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला असतो, आणि तो समोर येईल त्याच्याशी भांडत सुटतो. ज्या हवेवर आपण जगतो तीच आपल्याला गंजवते, हे तेव्हा अनेकांना पटलं नाही. १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं की अशाच एका रॅडिकलला निकामी करणारं खास एन्झाइम आपल्या पेशींत आहे. शरीराने पहारेकरी ठेवलाय म्हणजे चोरही असणारच, नाही का?

मग १९८२, आणि पुन्हा बर्कलीच. केल्विन डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांना दमेपर्यंत पळवलं. स्नायू आणि यकृतात फ्री रॅडिकल्स दुप्पट-तिप्पट झालेले दिसले. व्हिटॅमिन ई न मिळालेले उंदीर लवकर थकले. सप्लिमेंटवाल्यांना एवढंच हवं होतं! पण त्याच पेपरच्या शेवटी एक शंका होती: कदाचित हेच रॅडिकल्स स्नायूंना 'आणखी मायटोकॉन्ड्रिया बनवा' असा निरोप देत असतील. जाहिरातीत ही ओळ कधी आली नाही.

इथे हार्मोन्स येतात. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या संशोधकांना दिसलं की व्यायामानंतर स्नायूंमधून रक्तात एन्झाइम झिरपतं, ते मादी उंदरांत नरांपेक्षा कमी असतं. १९८७ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की इस्ट्रोजेन स्वतःच चरबीचं ऑक्सिडेशन रोखतं. झालं, इस्ट्रोजेन म्हणजे बायकांची जन्मजात ढाल, असं चित्र रंगलं. २००२ मध्ये त्याला मोठा तडा गेला. पाळी गेलेल्या १६,६०८ अमेरिकन बायकांवरचा हार्मोनचा प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्यांनी हृदयविकार कमी व्हायच्या ऐवजी किंचित वाढला होता, स्तनाचा कर्करोगही.

पुढच्याच वर्षी स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या गटाने उंदरांवर काम करून सांगितलं की माद्यांच्या मायटोकॉन्ड्रियांत बचावाची जनुकं जास्त चालू असतात. माझ्या भाषेत सांगायचं तर इस्ट्रोजेन स्वतः फायरवॉल होऊन उभं राहत नाही, ते सेटिंग बदलतं. रक्तात त्याचं प्रमाण इतकं कमी असतं की थेट ढाल होणं त्याला जमणारही नाही.

आणि आता ती खटकलेली गोष्ट. २००८ मध्ये त्याच व्हॅलेन्सियात रोज एक ग्रॅम व्हिटॅमिन सी दिल्यावर व्यायामाचा फायदा अडतो का, हे तपासलं गेलं. अडतो, असं दिसलं. माणसं १४, सगळे पुरुष. सोबतचे उंदीरही नर! २००९ मध्ये जर्मनीत सी आणि ई एकत्र देऊन पाहिलं. गोळ्या न घेतलेल्यांमध्ये व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारलं, घेतलेल्यांमध्ये नाही. माणसं ३९, सगळे पुरुष.

नेहमीचं कारण: पाळीच्या चक्रामुळे आकडे हलतात, बायका नकोत. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंध पुन्हा तपासले गेले, तेव्हा मादी उंदरांचे आकडे नरांपेक्षा जास्त हलत नव्हते. वरचं कारण उंदरांपुरतं तरी फुसकंच निघालं.

त्याच वर्षी नॉर्वेतून ५४ तरुण स्त्री-पुरुषांवरचा, ११ आठवड्यांचा प्रयोग आला. सी आणि ई घेणाऱ्यांचा दम बाकीच्यांइतकाच वाढला, पण स्नायूंच्या आत मायटोकॉन्ड्रियाची वाढ अडलेली दिसली. मात्र हार्मोन्स हा त्या प्रयोगाचा प्रश्न नव्हता. तो २०१६ मध्ये इटलीत निघाला: गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या महिला खेळाडूंच्या रक्तात ऑक्सिडेशनच्या खुणा न घेणाऱ्यांपेक्षा जास्त होत्या. खुणा, आजार नव्हे. ऐकून कोणी गोळी बंद करू नका, प्लीज.

तर ताई, आवळा, पेरू, शेंगदाणे, पालेभाजी बिनधास्त खा. फक्त पळतेयस म्हणून रोज मोठ्या डोसच्या गोळ्या घ्याव्यात, असं मला यात कुठे सापडलं नाही. तू हार्मोनच्या गोळ्या घेत असशील, तर त्या ३९ जणांचा निकाल तुला कितपत लागू पडतो, हे तो प्रयोग सांगूच शकत नाही. तिथे डॉक्टरांना विचार, ग्रुपला नको. आणि सहा महिन्यांत किती किलोमीटर झाले, ते पुढच्या व्हॉइस नोटमध्ये सांग!